पाच वॉट आणि दहा मिनिटे

हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा, हातात मावणारा संच साधारण पाच वॉट ताकदीने बोलतो. घरातला एलईडी दिवासुद्धा याहून जास्त वीज खातो. शहरात, इमारतींच्या दाटीत, अशा संचाचा आवाज चार-पाच किलोमीटरवर विरतो. मध्ये टेकडी आडवी आली तर तेवढाही पोहोचत नाही. पण पुण्यातल्या एखाद्या गच्चीवर उभे राहून, हातात धरलेल्या अँटेनाचे तोंड योग्य वेळी योग्य दिशेला केले, की त्याच संचावरून दिल्लीशी, कोलंबोशी किंवा मस्कतशी बोलता येते. मोबाइलचा टॉवर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, कोणाला बिल द्यावे लागत नाही. मध्ये असतो तो एखादा उपग्रह, आणि तोही बहुधा हौशी मंडळींनीच बनवलेला किंवा त्यांच्यासाठी एक कोपरा राखून ठेवलेला.

यात चमत्कार काही नाही. हे संच १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या व्हीएचएफ आणि ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या यूएचएफ पट्ट्यात चालतात, आणि या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. जमिनीवर त्यांना अडवणारे पुष्कळ असते: भिंती, झाडे, डोंगर आणि शेवटी पृथ्वीचा फुगवटा. डोक्यावरच्या आकाशात यातले काहीच नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४२० किलोमीटर उंचीवरून फिरते. ते पुण्याच्या माथ्यावर येते तेव्हा पुणेकराला ते नागपूरपेक्षा जवळ असते, आणि मधली वाट मोकळी असते. मोकळ्या वाटेला पाच वॉट पुष्कळ झाले. मुरलेली मंडळी अर्ध्या वॉटवरही काम भागवतात. खरी अडचण परतीच्या वाटेवर आहे. उपग्रहाची सारी मदार छोट्या सौर पट्ट्यांवर आणि बॅटरीवर. सौदीसॅट-१सी हा हॅम मंडळींचा जुना, लोकप्रिय उपग्रह जेमतेम पाव वॉटने बोलतो, आणि तो पाव वॉट सहाशे-सातशे किलोमीटरवरून, कधी त्याच्या चौपट अंतरावरून, पकडायचा असतो. म्हणून या छंदात बोलण्यापेक्षा ऐकण्याला जास्त कसब लागते. आपला आवाज वर जात नाही अशी तक्रार करणाऱ्या नवशिक्याला बहुतेक वेळा खाली येणाराच आवाज ऐकू आलेला नसतो.

या सगळ्याची सुरुवात स्पुटनिकनंतर अवघ्या चार वर्षांत झाली. १२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून अमेरिकी हवाई दलाचा डिस्कव्हरर-३६ सुटला. रॉकेटचा तोल साधण्यासाठी ठेवायच्या वजनाच्या जागी त्यात साडेचार किलोची एक पेटी बसवली होती. हौशी लोकांनी फावल्या वेळात जुळवलेला हा ऑस्कर-१. त्यातला प्रक्षेपक ०.१४ वॉटचा. तो मोर्स भाषेत एकच शब्द पुन:पुन्हा पाठवत असे: ‘हाय’. चार टिंबे, मग दोन टिंबे. पेटीतले तापमान बदलले की टिंबांचा वेग बदले, म्हणजे घड्याळ लावून ऐकणाऱ्याला वरचे तापमानही कळे. तीन आठवडे तो बोलत होता आणि २८ देशांतल्या साडेपाचशेहून अधिक हॅमनी त्याची नोंद कळवली. मार्च १९६५ मध्ये गेलेल्या ऑस्कर-३ ने पुढची पायरी गाठली. खालून आलेला आवाज ऐकून तो दुसऱ्या लहरीवर परत पाठवणारी यंत्रणा, म्हणजे ट्रान्सपाँडर, त्यात होती, आणि ती कोणत्याही परवानाधारक हॅमला खुली होती.

या घराण्यातला सर्वांत चिवट सदस्य ऑस्कर-७. नोव्हेंबर १९७४ मध्ये तो वर गेला, साडेसहा वर्षे चालला, आणि १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन गप्प झाला. सगळ्यांनी त्याचे नाव यादीतून काढले. २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधल्या एका हॅमला त्याचे मोर्स संकेत अचानक ऐकू आले. शॉर्ट झालेल्या बॅटरीचा जोड इतक्या वर्षांनी तुटला होता, त्यामुळे सौर पट्ट्यांची वीज थेट यंत्राला मिळू लागली होती. तेव्हापासून हा उपग्रह उन्हात असला की जागा होतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद पडतो. पन्नाशी ओलांडलेल्या या यंत्रावरून आजही लोक गप्पा मारतात. मेलेल्या उपग्रहाने पुन्हा कामाला लागावे, अशी उदाहरणे अवकाशाच्या इतिहासात फार नाहीत.

माणसे वर असताना हॅम रेडिओ चालला तो प्रथम १९८३ च्या अखेरीस. कोलंबिया यानातून ओवेन गॅरियट यांनी एक हातसंच आणि खिडकीला लावलेली अँटेना एवढ्यावर जमिनीवरच्या लोकांशी संवाद साधला. आंतरराष्ट्रीय स्थानकावर तर २००० सालापासून हॅम केंद्र आहेच. या केंद्राच्या नावावर एक विचित्र प्रयोगही जमा आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये अंतराळवीरांनी मुदत संपलेला एक रशियन अवकाश पोशाख, आत हातसंच बसवून, बाहेर सोडून दिला. रिकामा पोशाख पृथ्वीभोवती फिरत, मुलांच्या आवाजात रेकॉर्ड केलेले संदेश पाठवत राहणार होता. आवाज अपेक्षेपेक्षा फारच क्षीण निघाला. पण तो टिपण्यासाठी जगभर किती अँटेना आकाशाकडे वळल्या, याची आठवण हॅम मंडळी अजून काढतात.

भारताचा यातला वाटा लक्षणीय आहे. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट नावाचा ४२.५ किलोचा उपग्रह कक्षेत सोडला. त्यात दोन ट्रान्सपाँडर होते: एक भारतीय बनावटीचा, दुसरा एका डच अभियांत्रिकी विद्यार्थ्याने तयार केलेला. दोन वर्षांसाठी बनवलेला हॅमसॅट नऊ वर्षे चालला, आणि जुलै २०१४ मध्ये बॅटरीने दगा दिल्यावर थांबला. खणखणीत आवाजासाठी त्याचे नाव युरोपपर्यंत होते. दुसरा उल्लेख इंडोनेशियाच्या लापान-ए२ चा करायला हवा. तो सप्टेंबर २०१५ मध्ये अॅस्ट्रोसॅटबरोबर श्रीहरिकोट्याहूनच गेला. त्याची कक्षा विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून, जेमतेम सहा अंशांनी कललेली आहे. त्यामुळे इतर उपग्रहांप्रमाणे तो उत्तर-दक्षिण भटकत नाही. दर पावणेदोन तासांनी भारताच्या दक्षिणेकडून जातो. गोव्यातून आणि कोल्हापुरातून तो चांगल्या फेरीत क्षितिजापासून वीस ते पंचवीस अंश वर येतो, मुंबईतून सोळा-सतरा, आणि नागपूरकरांना मात्र दक्षिणेची मोकळी बाजू शोधूनच तो गाठावा लागतो.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनीही हौशी रेडिओच्या लहरी अवकाशातून वापरल्या आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ ने गेला. दहा सेंटिमीटरचा घन, वजन एक किलोच्या आत. एका ठिकाणाहून आलेला मजकूर साठवून दुसऱ्या ठिकाणी उतरवणे हे त्याचे काम. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा दहा किलोचा ‘प्रथम’ गेला. त्याचा विषय हातसंचवाल्यांच्या रोजच्या डोकेदुखीशी निगडित होता. रेडिओ लहरीला एक बैठक असते: उभी, आडवी किंवा तिरकी. आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, शिरल्यावर ही बैठक पिळली जाते. किती पिळली हे मोजले, की वाटेत किती इलेक्ट्रॉन होते याचा हिशेब लागतो, आणि तोच हिशेब ‘प्रथम’ला करायचा होता. गच्चीवरच्या हॅमला तो हिशेब नको असतो. त्याला फक्त एवढे कळते, की आता स्पष्ट येणारा आवाज मनगट पाव फेरा वळवल्याशिवाय पुन्हा लागत नाही.

सामग्रीकडे वळू. दोन पट्ट्यांवर चालणारा कोणताही हातसंच सुरुवातीला चालतो. उपग्रहाचे काम दुपदरी असते: बहुतेक वेळा वर जाणारा आवाज १४५ मेगाहर्ट्झवर आणि खाली येणारा ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झवर. बोलता बोलता स्वतःचाच आवाज उपग्रहावरून परत ऐकू आला तर उत्तम, कारण आपण पोहोचतो आहोत की नाही हे तत्क्षणी कळते. पण एकाच वेळी बोलणारे आणि ऐकणारे हातसंच बाजारात मोजकेच आहेत. म्हणून अनेकजण दोन स्वस्त संच घेतात, एक बोलायला आणि एक ऐकायला. यात एक गोम आहे. स्थानकाशी बोलण्याची लहर १४५.९९० मेगाहर्ट्झ, आणि तिची तिप्पट ४३७.९७० होते. बोलणाऱ्या संचातून मूळ लहरीबरोबर तिची ही तिपटीची सावलीही थोडीशी सांडते, आणि स्थानकाचा आवाज येतो ४३७.८०० वर, म्हणजे अगदी शेजारी. बटण दाबले की ऐकणारा संच बहिरा होतो. दोन्ही पट्टे वेगळे करणारी गाळणी, म्हणजे डिप्लेक्सर, मध्ये घातली की हा त्रास बराच कमी होतो.

संचापेक्षा अँटेना महत्त्वाची. संचासोबत मिळणारी आखूड रबरी अँटेना सगळ्या दिशांना सारखीच ऐकते, म्हणजे कुठेच नीट ऐकत नाही. स्थानक डोक्यावर असताना तिच्यावर आवाज येतोही, एरवी खरखरच. हवी ती दिशा धरणारी यागी. एकाच दांड्यावर व्हीएचएफचे तीन दांडे आणि त्यांना काटकोनात यूएचएफचे पाच-सात दांडे, अशी तिची रचना असते. विकत मिळतात त्यांतल्या काहींचे दांडे धनुष्याच्या अॅल्युमिनियम बाणांचे असतात. पण घरी बनवण्याची परंपरा मोठी आहे. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण दोन मीटर, म्हणून दांडा तिच्या निम्मा, एक मीटरच्या जवळपास. ४३६ चा दांडा चौतीस सेंटिमीटरच्या आसपास. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप, पाइपाचे जोड आणि दांड्यांसाठी स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे, एवढ्यावर काम होते. मोजपट्टीचा फायदा असा, की बसमध्ये किंवा दारातून नेताना ती वाकते आणि बाहेर आल्यावर ताठ होते. फक्त केबल जिथे जोडायची तिथला पिवळा रंग पॉलिश पेपरने पुरता घासून काढायचा, नाहीतर सोल्डर धरत नाही. सारा खर्च एका हॉटेलच्या जेवणात बसतो.

उपग्रह कधी येणार हे आधी अचूक कळते. त्याच्या कक्षेची आकडेवारी जाहीर असते, आणि ती घेऊन वेळापत्रक काढणारी मोफत अॅप मोबाइलवर आहेत. अॅपमध्ये तीन गोष्टी बघायच्या: तो कुठून उगवतो, कमाल किती अंश वर येतो आणि कुठे मावळतो. स्थानक सुमारे त्र्याण्णव मिनिटांत एक फेरी मारते. तेवढ्यात पृथ्वी पूर्वेकडे तेवीस अंश सरकलेली असते, त्यामुळे पुढची फेरी पश्चिमेला ढळते. महाराष्ट्रातून दिवसाला चार-सहा फेऱ्या हाती लागतात, त्यांतल्या एक-दोनच उंच असतात. क्षितिजाशी असताना स्थानक तेवीसशे किलोमीटर दूर असते आणि माथ्यावर चारशे वीस. ताकदीच्या हिशेबात हा फरक तीसपटीचा आहे. नवशिक्याने तीस अंशांच्या खालच्या फेऱ्या सोडून दिल्या तरी चालते.

लहरीचे आकडे संचात आधीच भरून ठेवावे लागतात, आणि इथे डॉप्लर परिणाम आडवा येतो. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने येणाऱ्या यंत्राचा आवाज मूळ लहरीपेक्षा वर भासतो आणि दूर जाताना खाली. ४३७ मेगाहर्ट्झवर हा फरक उगवताना सुमारे दहा किलोहर्ट्झ अधिक आणि मावळताना तेवढाच उणे असतो. एफएम संचाला एवढी चूक पचत नाही. म्हणून स्थानकासाठी पाच मेमरी चॅनेल भरतात: ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५, ४३७.७९०. पाचही चॅनेलवर बोलण्याची लहर एकच, १४५.९९०, तिथला फरक साडेतीन किलोहर्ट्झचाच असल्याने स्थानकाचा संच तो चालवून घेतो. शिवाय प्रत्येक चॅनेलवर ६७ हर्ट्झचा एक मंद टोन लावायचा. तो कानाला ऐकू येत नाही, पण तो नसेल तर वरचा रिपीटर, म्हणजे आवाज परत पाठवणारा संच, दार उघडतच नाही. सौदीसॅटची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला आधी ७४.४ हर्ट्झचा टोन दोन-एक सेकंद देऊन जागे करावे लागते, मग दहा मिनिटे तो ६७ हर्ट्झवर चालतो. जगभरात कुठे ना कुठे कोणीतरी त्याला जागे करतच असते, तरी हे दोन टोन हाताशी असलेले बरे.

एक फेरी कशी जाते ते पाहू. समजा, स्थानक नैर्ऋत्येला अरबी समुद्रावर उगवून ईशान्येला मावळणार आहे आणि कमाल साठ अंश वर येणार आहे. संचाचा स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवलेला. खरखर बंद करणारी ही सोय इथे क्षीण आवाजही गिळून टाकते. कानात हेडफोन, एका हातात अँटेना, दुसऱ्यात संच. कागद-पेन्सिलीला हातच उरत नाही, म्हणून मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून खिशात टाकलेला. चॅनेल पहिला, ४३७.८१०. पहिल्या मिनिटाला खरखरीशिवाय काही नाही, कारण शेजारच्या इमारती आडव्या आहेत. दुसऱ्या मिनिटात खरखर पातळ होते आणि तिच्या तळाशी एखादा तुटका शब्द लागतो. अँटेना किंचित डावी-उजवी फिरवली, मनगट वळवले, की शब्द सलग होतो. कोणीतरी आपला कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचे ओळखचिन्ह, सांगत असते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आवाज स्थानिक केंद्रासारखा स्वच्छ येतो. आता चॅनेल एक पायरी खाली. दोघांचे बोलणे संपले की श्वासभर थांबायचे, बटण दाबायचे, स्वतःचा कॉल साइन आणि चौकोन सांगायचा: ‘माइक किलो सिक्स एट’. एवढेच. बटण सोडले की उत्तर येते, किंवा येत नाही. पाचव्या मिनिटाच्या सुमाराला स्थानक सर्वांत वर असते आणि तिथे त्याची चाल सर्वांत जलद वाटते. मिनिटभरात हात नैर्ऋत्येकडून वरून ईशान्येकडे न्यावा लागतो, आणि त्याच मिनिटात मधला चॅनेल येतो आणि जातो. नवखा माणूस इथे हमखास गडबडतो: अँटेना मागे राहते किंवा चॅनेल. मग उताराची तीन-चार मिनिटे, पुन्हा तुटके शब्द, पुन्हा खरखर. दहाव्या मिनिटाला सगळे संपलेले असते आणि दंड भरून आलेला असतो.

रिपीटर एफएमचा असल्याने एका वेळी एकच आवाज त्यातून जातो. दोघे एकदम बोलले तर ज्याची ताकद जास्त त्याचा आवाज बाहेर पडतो आणि दुसरा पुसला जातो. उपग्रहाच्या छायेत, म्हणजे त्याच्या नजरेच्या टप्प्यात, एका वेळी चार-साडेचार हजार किलोमीटर रुंदीचा प्रदेश असतो. स्थानक मुंबईसमोर समुद्रावर असेल तर मस्कत, बंगळुरू आणि कोलकाता एकाच वेळी त्याला ऐकत असतात. म्हणून या लहरींवरचे शिष्टाचार कडक आहेत. ऐकू येत नसेल तर बोलायचे नाही. लांबलचक हाका मारायच्या नाहीत. चाललेले बोलणे तोडायचे नाही. हवा, जेवण, संचाची किंमत हे विषय जमिनीवरच्या लहरींसाठी राखून ठेवायचे. संपूर्ण संवाद वीस सेकंदांत आटोपतो: कॉल साइन, चौकोन, पोच, आणि निरोपाचे ‘सेव्हन्टी थ्री’. तरीही काही महाभाग पन्नास वॉटचा संच लावून, स्वतः काहीही न ऐकता, बोलतच राहतात. कमी ताकदीवर काम करणाऱ्यांचा यांच्यावर फार राग असतो आणि तो रास्त आहे.

‘चौकोन’ म्हणजे काय, ते थोडक्यात. हॅम मंडळींनी पृथ्वीचे एक अंश अक्षांश आणि दोन अंश रेखांश असे चौकोन पाडून प्रत्येकाला दोन अक्षरे आणि दोन अंक दिले आहेत. महाराष्ट्रात असा चौकोन साधारण एकशे दहा किलोमीटर उंच आणि दोनशे दहा किलोमीटर रुंद भरतो. पुणे एमके ६८ मध्ये. एकोणीस अक्षांशाची रेघ मुंबई बेटाला कापत जाते, त्यामुळे कुलाबा पुण्याच्याच चौकोनात पडतो आणि दादरपासून वरची मुंबई एमके ६९ मध्ये. कोल्हापूर एमके ७६, पणजी एमके ६५, नागपूर एमएल ९१. उपग्रहावरून शंभर वेगवेगळे चौकोन मिळवले की अमेरिकेतली हॅम संघटना प्रशस्तिपत्र देते. हातसंचाचा लाभ इथे दिसतो: घरच्या गच्चीवर मोठा मनोरा उभारलेल्याला जागा सोडता येत नाही, पण पाठपिशवीत अँटेना घातलेला माणूस सुट्टीत एखाद्या ओसाड चौकोनात जाऊन उभा राहिला, की आख्खी छाया त्यालाच हाका मारते.

बोलण्याखेरीजही या संचांवर काही करता येते. १४५.८२५ मेगाहर्ट्झवर छोटे मजकूर आणि स्थानाची माहिती उपग्रहांमार्फत पाठवली जाते. अधूनमधून स्थानकावरून १४५.८०० वर चित्रे प्रसारित होतात. ती टिपायला संच आणि मोबाइलवरचे एक अॅप पुरते. शाळांशी ठरवून होणारे संवाद हा आणखी एक भाग. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर होते तेव्हा त्यांनी हॅम रेडिओवरून भारतातल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली.

आपत्तीत हा मार्ग तारून नेईल असे वरचेवर लिहिले जाते. ते अतिशयोक्त आहे. दिवसातून चार-सहा वेळा दहा मिनिटे आणि एका वेळी एकच आवाज, एवढ्या भांडवलावर पूरग्रस्त जिल्ह्याचा कारभार चालत नाही. तिथे लघुलहरींवरचे मोठे संच आणि डोंगरमाथ्यावरचे रिपीटर कामाला येतात. उपग्रहांवरचा सराव वेगळ्या अर्थाने उपयोगी पडतो: क्षीण आवाज ऐकायची, मोजके बोलायची आणि अँटेना चटकन उभी करायची सवय त्यातून लागते.

भारतात हे सगळे करायला परवाना हवा, आणि संच विकत घेण्याच्या आधी हवा. ऑनलाइन दुकानांत वायरलेस संच सहज मिळतात म्हणून ते घेऊन बोलायला सुरुवात करणे हा कायद्याने गुन्हा आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते. वयाची अट बारा वर्षे पूर्ण एवढीच. मर्यादित आणि सर्वसाधारण अशा दोन श्रेणी आहेत. दोन्हींत इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. सर्वसाधारण श्रेणीसाठी मोर्सही यावे लागते. मर्यादित श्रेणीच्या परवान्यावर १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे वापरता येतात, म्हणजे उपग्रहांसाठी तेवढा परवाना पुरे. अर्ज सरल संचार या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. परीक्षा आणि कागदपत्रांत काही महिने जाऊ शकतात.

त्या महिन्यांत कान तयार करता येतात. कतारच्या एस-हेल-२ या भूस्थिर उपग्रहावर हॅम मंडळींसाठी खास ट्रान्सपाँडर आहे. २०१८ मध्ये सोडलेला हा उपग्रह पूर्व रेखांश २६ च्या जवळ स्थिर उभा आहे आणि ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा प्रदेश, अर्थात सारा भारतही, त्याच्या नजरेत येतो. त्यासाठी हातसंच चालत नाही, डिश लागते. पण इंग्लंडमध्ये गूनहिली येथे बसवलेल्या एका ग्राहकातून त्याच्यावरची सगळी बोलणी इंटरनेटवर कोणालाही, कोणत्याही परवान्याशिवाय, चोवीस तास ऐकता येतात.